पेटी, तबला आणि नववीचा वर्ग

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की अनेक घरांत एक निर्णय फारशी चर्चा न होता घेतला जातो. मुलगा किंवा मुलगी नववीत गेलेली असते. चौथी-पाचवीपासून चाललेला पेटीचा, तबल्याचा किंवा गाण्याचा क्लास 'आता दोन वर्षे थांबवू, दहावी झाली की पुन्हा सुरू करू' असे म्हणून बंद होतो. शाळेतही तेच घडते. वेळापत्रकात संगीताचा तास असलाच, तर नववीत तो गणिताच्या किंवा विज्ञानाच्या जादा तासात विरघळून जातो. तबल्याची जोडी कपाटावर चढते. दहावी संपते, पण क्लास पुन्हा सुरू होतोच असे नाही. कारण पुढे अकरावी-बारावी आणि प्रवेश परीक्षा उभ्या असतात.

या वयाच्या मुलांना तपासणाऱ्या डॉक्टरांना पालक संगीताबद्दल दोन प्रश्न विचारतात. संगीतामुळे एकाग्रता वाढून गुण वाढतील का, हा पहिला. संगीतात वेळ गेल्याने गुण कमी होतील का, हा दुसरा. दोन्ही प्रश्न गुणांचेच आहेत. गेल्या तीसेक वर्षांत या विषयावर बरेच संशोधन झाले आहे. त्यातून मिळणारे उत्तर गुणांच्या बाबतीत थोडे निराश करणारे आहे. मात्र तेरा ते सोळा वर्षांच्या मुलाच्या कानाबद्दल, आवाजाबद्दल आणि मनाबद्दल ते बरेच काही सांगते. म्हणूनच नववीत हा तास बंद करण्याआधी ते समजून घेणे आवश्यक आहे.

मोझार्टच्या नावावर पसरलेला समज

संगीताने बुद्धी वाढते हा समज जगभर पसरला तो १९९३ मधील एका छोट्या प्रयोगामुळे. अमेरिकेत फ्रान्सेस राउशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची दोन पियानोंसाठीची एक रचना दहा मिनिटे ऐकवली. त्यानंतर कागदाच्या घड्या आणि आकृत्या यांसारखे, मनातल्या मनात जागेचा अंदाज घेण्याचे प्रश्न विद्यार्थ्यांनी थोडे अधिक चांगले सोडवले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटेच टिकला. प्रयोग मोठ्या मुलांवर होता, लहानग्यांवर नव्हता. तो संगीत ऐकण्याचा होता, शिकण्याचा नव्हता.

पण 'नेचर' या नामवंत नियतकालिकात आलेली ही एका पानाची नोंद वर्तमानपत्रांतून पसरताना 'मोझार्ट ऐका, हुशार व्हा' अशी झाली. १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी अर्थसंकल्पात एक लाख पाच हजार डॉलर मागितले. गरोदर स्त्रियांना ऐकवण्याच्या आणि 'मेंदूचा विकास' करणाऱ्या संगीताचा बाजार तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे. पुढे व्हिएन्नातील संशोधकांनी २०१० मध्ये या विषयावरचे सुमारे ४० अभ्यास एकत्र तपासले. मोझार्टच्या संगीतात बुद्धी वाढवणारे खास असे काही असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. आवडीचे काहीही ऐकल्यावर माणूस थोडा तरतरीत होतो आणि काही मिनिटे बरे काम करतो, इतकेच या गोष्टीत तथ्य आहे.

शिकल्याने तरी गुण वाढतात का?

नुसते ऐकणे आणि वर्षानुवर्षे शिकणे यांत फरक आहे. शिकताना बोटे, डोळे, कान आणि स्मरण यांना एकाच वेळी काम करावे लागते. त्यामुळे शिकण्याचा परिणाम वेगळा तपासला गेला. टोरंटोत ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांची १४४ मुले चार गटांत विभागली. एका गटाला कीबोर्ड, दुसऱ्याला गायन, तिसऱ्याला नाट्य शिकवले आणि चौथ्याला वर्षभर काहीच जादा शिकवले नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ७ अंकांनी वाढला, इतरांचा ४.३ अंकांनी. शाळेत जाऊ लागल्यावर सगळ्याच मुलांचा बुद्ध्यंक थोडा वाढतो. संगीताचा वाटा होता जेमतेम पावणेतीन अंकांचा. नाट्य शिकलेली मुले मात्र इतरांशी वागण्या-बोलण्यात पुढे गेली.

नंतर असे अनेक प्रयोग झाले. २०२० मध्ये जोव्हानी साला आणि फर्नांड गोबे या संशोधकांनी ५४ अभ्यासांतील जवळपास सात हजार मुलांची माहिती एकत्र केली. प्रयोग जितका काटेकोर, तितका संगीताचा बुद्धीवर किंवा गुणांवर झालेला परिणाम कमी, असे त्यांना दिसले. सर्वांत काटेकोर प्रयोगांत तो शून्याच्या जवळ होता.

याउलट कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील एक लाख बारा हजारांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांच्या नोंदी पाहिल्या, तर शाळेत संगीत हा विषय घेतलेल्या मुलांना इंग्रजी, गणित आणि विज्ञान या तिन्ही विषयांत चांगले गुण होते. वाद्य शिकणाऱ्यांत हा फरक अधिक ठळक होता. घरची आर्थिक स्थिती आणि आधीचे गुण हिशेबात घेतल्यावरही तो टिकला. ही आकडेवारी पालकांना फार आवडते, पण ती जपून वाचायला हवी. या मुलांनी संगीत स्वतः निवडले होते. रोज रियाजाला बसणारे मूल मुळातच चिकाटीचे असू शकते आणि तीच चिकाटी गणितातही दिसते. संगीतामुळे गुण वाढले की दोन्हींच्या मागे तिसरेच कारण आहे, हे अशा नोंदींवरून ठरवता येत नाही.

एक गोष्ट मात्र या नोंदींतून निश्चित दिसते. संगीताला वेळ दिल्याने या मुलांचे इतर विषय मागे पडले नव्हते. नववीत तबला बंद करण्यामागची भीती नेमकी हीच असते आणि इतक्या मोठ्या संख्येतही तिला आधार मिळालेला नाही.

शिकागोच्या शाळेतील चाळीस मुले

किशोरवयीन मुले आणि शाळेतील संगीताचा तास यांचा थेट संबंध तपासणारा एक अभ्यास शिकागोत झाला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील नीना क्राउस आणि सहकाऱ्यांनी कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतील सरकारी शाळांत, आपल्याकडच्या नववीच्या वयाच्या ४० मुलांना निवडले आणि शाळा संपेपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. त्यांतल्या जवळपास निम्म्यांनी बँडचा विषय घेतला होता. उरलेल्यांनी आपल्याकडच्या एनसीसीसारखा, कवायत आणि शिस्त शिकवणारा विषय घेतला होता. दोन्ही विषय शाळेच्या वेळेतच, आठवड्याला दोन-तीन तास शिकवले जात. खासगी शिकवणीचा प्रश्न नव्हता, महागड्या वाद्यांचाही नव्हता.

आवाज कानावर पडला की मेंदू त्याला किती नेमका आणि एकसारखा प्रतिसाद देतो, हे डोक्यावर लावलेल्या तारांनी मोजता येते. लहान मुलांत हा प्रतिसाद वेगळा असतो आणि किशोरवयात तो हळूहळू प्रौढांसारखा होत जातो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बँडमधल्या मुलांच्या मेंदूत ही परिपक्वता लवकर आली. भाषेतले ध्वनी सुटे करून ओळखण्याच्या चाचण्यांत दोन्ही गट सुधारले, पण संगीत शिकणारे अधिक सुधारले. गोंगाटात शिक्षकांचे बोलणे वेगळे काढून ऐकण्यासाठी आणि वाचनासाठीही ध्वनींची ही ओळख लागते.

अभ्यास लहान आहे, मुलांनी विषय स्वतः निवडले होते, आणि त्याने सगळे सिद्ध होत नाही. तरी त्याने एक गैरसमज दूर केला. मेंदूची घडण पहिल्या पाच वर्षांतच संपते, नंतर शिकून उपयोग नाही, असे अनेकांना वाटते. ऐकण्याशी संबंधित मेंदूचे भाग मात्र चौदाव्या-पंधराव्या वर्षीही घडत असतात. शाळेत आठवड्याला दोन-तीन तास मिळालेले शिक्षण त्या घडणीत सामील होते. आपल्याकडे संगीताचा तास बंद होतो तो नेमका याच वयात.

तेराव्या वर्षी उशीर झालेला नसतो

'लहानपणी सुरू केले असते तर' ही खंत अनेकांच्या तोंडी असते. तिच्यात थोडे तथ्य आहे. कोणताही आधार न घेता एखादा स्वर ऐकून तो कोणता हे अचूक सांगण्याची क्षमता फार थोड्यांत असते आणि ती असणाऱ्यांपैकी बहुतेकांनी अगदी लहान वयात शिक्षण सुरू केलेले असते. तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांसाठीचा भाग मोठा असतो आणि लवकर सुरुवात करणाऱ्यांत तो अधिक मोठा असतो, हेही जर्मनीतील १९९५ च्या एका अभ्यासात दिसले.

पण आपल्या संगीताला त्या पहिल्या क्षमतेची गरजच नाही. आपला 'सा' ठरलेला नसतो. गाणाऱ्याच्या गळ्याला सोयीचा स्वर 'सा' मानला जातो आणि बाकीचे स्वर त्याच्यापासूनच्या अंतराने ओळखले जातात. हे अंतर ओळखणे कोणत्याही वयात शिकता येते. बैठकीत वाजवणारा कलाकार घडवायचा असेल तर लहान वय महत्त्वाचे. पण राग कानाने ओळखणे, ठेका धरणे, चार जणांबरोबर सुरात गाणे यांसाठी आठवी-नववी हे अगदी योग्य वय आहे.

'आमच्या मुलाला गळाच नाही' हे वाक्यही तपासून पाहण्यासारखे आहे. स्वरांमधला फरक जन्मतःच न कळणारी माणसे असतात, पण त्यांचे प्रमाण शंभरात एक-दोन एवढेच आढळले आहे. बाकीच्यांना फरक कळतो. गळ्याला त्याची सवय झालेली नसते इतकेच. बेसूर गातो म्हणून ज्याला समूहगीतातून बाजूला काढले जाते, त्याला खरे तर शिकवण्याची गरज अधिक असते.

आवाज फुटतो तेव्हा

या वयात संगीत बंद होण्यामागे अभ्यासाखेरीज आणखी एक कारण असते, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही. मुलाचा आवाज फुटलेला असतो.

साधारण बारा ते पंधरा या वयात मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन वाढते. स्वरयंत्र मोठे होते, कंठमणी बाहेर दिसू लागतो, स्वरपट्ट्या लांब आणि जाड होतात. लांब-जाड तार जशी खालचा स्वर देते, तसा बोलण्याचा आवाज काही महिन्यांत जवळपास एक सप्तक खाली येतो. हा बदल होत असताना स्वरयंत्राच्या स्नायूंना नव्या मापाची सवय नसते. म्हणून बोलता बोलता आवाज चिरकतो, मध्येच वर जातो. मुलींच्या स्वरयंत्रातही बदल होतात. त्यांचा आवाज दोन-तीन अर्धस्वरांनीच उतरतो, पण काही काळ त्यात हवा मिसळल्यासारखी वाटते. हा बदल कोणाच्या लक्षात येत नाही आणि 'हल्ली नीट गात नाहीस' हे मात्र मुलीला ऐकावे लागते.

सातवीपर्यंत स्पर्धा जिंकणारा मुलगा नववीत वर्गासमोर गाताना चिरकतो, मुले हसतात आणि तो पुन्हा कधी गात नाही. हे टाळता येते. आवाज फुटत असताना गाणे पूर्ण बंद ठेवावे, असे पूर्वी अनेकजण सांगत. आता ताण न देता, मर्यादित स्वरांत गात राहायला हरकत मानली जात नाही. अडचण असते ती पट्टीची. शाळेतले समूहगीत बहुधा मुलींना सोयीच्या, काळी चार किंवा पाचच्या आसपासच्या पट्टीत बसवलेले असते. आवाज उतरलेल्या मुलाची सोयीची पट्टी तोवर काळी एक-दोनकडे सरकलेली असते. त्याला ती उंची पेलत नाही. मग तो एक तर ओरडतो किंवा नुसते ओठ हलवतो.

जाणता संगीत शिक्षक अशा मुलांचा वेगळा गट करतो, त्यांना खालच्या सप्तकात गायला लावतो, काही महिने ढोलकी किंवा टाळ हाती देतो आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्यांची पट्टी पुन्हा पाहतो. तुझा आवाज बिघडलेला नाही, तो मोठा होतो आहे, एवढे वर्गात सर्वांसमोर सांगितले तरी निम्मे काम होते.

मात्र दोन गोष्टी डॉक्टरांना दाखवाव्यात. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. शरीर पूर्ण वाढूनही मुलाचा आवाज लहान मुलासारखा उंच राहिला असेल, तर त्याची चेष्टा करू नये. अशा बहुतेक मुलांचे स्वरयंत्र निरोगी असते आणि वाचा-उपचार तज्ज्ञांच्या काही बैठकींत आवाज खाली येतो.

समेवर येण्याचा आनंद

तबल्याच्या वर्गात सोळा मात्रांचा तीनताल चालू असतो. आवर्तन संपत आले की सगळ्यांचे लक्ष पहिल्या मात्रेकडे, समेकडे लागते. सम आली की माना डोलतात. या आनंदाचा मागही विज्ञानाने घेतला आहे. मॉन्ट्रियलमधील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की आवडते संगीत ऐकताना मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवते. विशेष म्हणजे उत्कट क्षणाची वाट पाहताना मेंदूचा एक भाग सक्रिय होतो आणि तो क्षण आल्यावर दुसरा. म्हणजे वाट पाहण्यातही आनंद असतो.

किशोरवयात मेंदूची ही बक्षीस-यंत्रणा फार संवेदनशील असते. मोबाइलवरचे खेळ आणि छोट्या चित्रफिती याच यंत्रणेला क्षणाक्षणाला खाऊ घालतात. वाद्य शिकताना बक्षीस उशिरा मिळते. एक कायदा आठ दिवस घोटल्यावर हाताला येतो, पण आल्यावर तो आपला असतो. उशिरा मिळणाऱ्या आनंदासाठी बसून राहण्याचा अनुभव या वयात शाळेत मिळायला हवा आणि संगीताचा तास तो देतो.

दुसरा भाग सोबतीचा. स्वीडनमध्ये २०१३ मध्ये १८ वर्षांच्या १५ तरुण-तरुणींना एकत्र गायला लावून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले. एकाच गीतात सगळे एकाच वेळी श्वास घेतात आणि सोडतात. त्यामुळे त्यांच्या ठोक्यांचा वेगही एकत्र वर-खाली होऊ लागला. संथ, लांब श्वास सोडत गाणे हा एक प्रकारचा प्राणायामच असतो. भजनी मंडळात बसलेल्याला याचा अनुभव आहे, फक्त तो मोजलेला नाही.

संगीताने मुलांची वर्तणूक सुधारते का, हे व्हेनेझुएलात मोठ्या प्रमाणावर तपासले गेले. तिथे १९७५ पासून 'एल सिस्तेमा' नावाने मुलांचे वाद्यवृंद घडवणारा सरकारी पाठबळाचा कार्यक्रम चालतो. त्यात ६ ते १४ वयाच्या २,९१४ मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत विभागून काहींना लवकर, काहींना वर्षभराने प्रवेश दिला गेला. लवकर प्रवेश मिळालेल्या मुलांत आत्मसंयम थोडा वाढला, वर्तनाच्या तक्रारी थोड्या कमी झाल्या. हिंसा पाहिलेल्या मुलग्यांत फायदा जास्त होता. बुद्धीच्या चाचण्यांत एकूण मुलांमध्ये मात्र फरक पडला नाही.

परिणाम छोटे आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. संगीत हे नैराश्यावरचे औषध नाही. मूल सतत उदास राहत असेल, झोप-भूक बिघडली असेल, जगण्यात अर्थ नसल्याचे बोलत असेल, तर त्याला गाण्याच्या क्लासला घालून वाट पाहत बसू नये. डॉक्टरांकडे न्यावे किंवा शासनाच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. संगीत याच्या अलीकडच्या टप्प्यावर उपयोगी पडते. गुणांची तुलना नसलेली, चार समवयस्क असलेली आठवड्यातली दोन-तीन तासांची जागा ते देते. दहावीच्या वर्षी अशा जागा एकेक करून बंद होत असतात.

शिकता शिकता कान सांभाळायचे

संगीत ज्या कानांनी शिकायचे, ते याच वयात धोक्यात येतात. आतल्या कानात शंखासारख्या वेटोळ्यात सुमारे पंधरा हजार केसासारख्या नाजूक पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १२ ते ३५ वयोगटातील एक अब्जाहून अधिक लोकांना असुरक्षित ऐकण्यामुळे बहिरेपणाचा धोका आहे.

हिशेब सोपा आहे. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकता येतो. ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास आणि १०० डेसिबल असेल तर आठवड्यात केवळ २० मिनिटे. दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. लहान मुलांसाठी मर्यादा याहून कमी आहे.

गणेशोत्सवाआधी दोन महिने ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. त्यात आठवी ते बारावीची मुले-मुलीही असतात. तालाचे शिक्षण, शिस्त, सोबत हे सगळे तिथे मिळते. पण ताशाजवळ उभे राहिले की आवाज १०० डेसिबलच्या पुढे सहज जातो आणि सराव तासन्‌तास चालतो. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे कर्णरोधक योग्य प्रकारे घातले तर कानावरचा मारा बराच कमी होतो आणि ठेकाही ऐकू येतो. पथकाने ते सर्वांना सक्तीचे करावेत. सरावानंतर कानात शिट्टी वाजल्यासारखे होणे किंवा दडे बसणे ही कानाने दिलेली सूचना असते. ती दुसऱ्या दिवशीही राहिली तर तपासणी करून घ्यावी. इअरफोनचा आवाज मोबाइलच्या कमाल पातळीच्या साठ टक्क्यांच्या आत ठेवावा. शेजारच्या माणसाला आपले गाणे ऐकू येत असेल, तर तो जास्तच आहे.

बारीक स्वर ऐकायला शिकलेल्या मुलाला कानाची किंमत कळते. संगीताच्या पाठ्यक्रमात कानाच्या निगेचा एक धडा घालायला फारसा खर्च येणार नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी सुरू झालेली वाट

संगीत वर्गात बसून, पाठ्यक्रमाने शिकण्याची पद्धत आपल्याकडे रुजवणाऱ्यांत मराठी माणसे आघाडीवर होती. विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्याने इजा झाली आणि शालेय शिक्षण अर्धवट राहिले. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे शिकून त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. घराण्याबाहेरच्या सामान्य घरातील मुलाने फी भरून, पुस्तक घेऊन, वर्गात बसून गाणे शिकावे, ही कल्पना तेव्हा नवी होती. १९३१ मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा आजही गावोगावची मुले देतात.

गोव्यात वेगळी वाट होती. चर्चला जोडलेल्या शाळांत मुले सोल्फा, स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकत. कलाकार होण्यासाठी निवडलेल्या मोजक्यांनाच नव्हे, तर गावातल्या साध्या घरांतील मुलांनाही हे शिक्षण मिळे. याच शिक्षणाच्या जोरावर पुढे गोव्याच्या वादकांनी मुंबईच्या हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले.

आज धोरण कागदावर अनुकूल आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षण दहावीपर्यंत सक्तीचे असावे असे सुचवले होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मुख्य विषय आणि 'इतर उपक्रम' अशी भिंत नको म्हटले आहे. महाराष्ट्रात शास्त्रीय संगीताच्या ठरावीक परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांना दहावीत वाढीव गुण मिळतात. या गुणांमुळे अनेक घरांत तबला टिकला, हे मान्य करायला हवे. पण गुण पदरात पडले की तबला बंद होतो, हेही तितकेच खरे. शिवाय खासगी क्लास परवडणाऱ्यालाच हे गुण मिळतात. आश्रमशाळेतील किंवा पालिकेच्या शाळेतील मुलापर्यंत संगीत पोहोचायचे असेल, तर ते शाळेच्या तासातच पोहोचायला हवे.

त्यासाठी फार मोठी व्यवस्था लागत नाही. आठवड्याला दोन तास, तेही नववी-दहावीत काढून न घेता. शिकवता येणारा शिक्षक, एक पेटी, तबल्याच्या एक-दोन जोड्या, टाळ. पाहुण्यांच्या स्वागतगीतासाठी आणि गॅदरिंगसाठी पाच गोड गळे निवडून बाकीच्यांना मागे बसवणे थांबवायला हवे. मूल्यमापन करायचेच असेल, तर जूनमध्ये मूल कुठे होते आणि मार्चमध्ये कुठे पोहोचले, यावर करावे. गावात कीर्तनकार, भजनी मंडळ, शाहीर किंवा बँडवाले असतील, तर त्यांना महिन्यातून एकदा वर्गात बोलवावे.

घरी काय करता येईल

नववीत गेलेल्या मुलाचा क्लास बंद करण्याआधी त्याला विचारावे. त्यालाच कंटाळा आला असेल तर जबरदस्ती नको. वाद्य बदलून पाहावे किंवा थोडी विश्रांती द्यावी. त्याला हवे असेल, तर पूर्ण बंद करण्याऐवजी कमी करावे. रोज वीस-पंचवीस मिनिटे आणि आठवड्यातून एक शिकवणी दहावीच्या वर्षातही बसते. परीक्षेच्या महिन्यात परीक्षा किंवा स्पर्धा देऊ नये, नुसते वाजवावे. बसण्याची पद्धत नीट असावी. मनगट, मान किंवा पाठ सतत दुखत असेल तर सराव थांबवून दाखवून घ्यावे. रात्री जागून केलेल्या रियाजापेक्षा झोप महत्त्वाची. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते.

आणि निकालाच्या दिवशी 'एवढा तबला वाजवून किती टक्के पडले' हा हिशेब मांडू नये. इतिहास शिकल्याने गणित सुधारले का, असे कोणी विचारत नाही. दहावीनंतर मुलगा डॉक्टर होईल, दुकान चालवील किंवा शेती करील. त्याला ताल धरता येत असेल, चार माणसांत मिसळून गाता येत असेल आणि पन्नाशीत नीट ऐकू येत असेल, तर शाळेतल्या त्या दोन तासांनी आपले काम केलेले असेल.